पत्र्याची कपाटं

सिद्धूनं ओट्यावरचं पहिलं कपाट उघडलं आणि तो आत बघतच राहिला. मग त्यानं मला हाक मारली.

"गिरिजा, इकडं ये. आत हात घालून बघ."

मी हात घातला. आत काहीच नव्हतं. तळाशी वर्तमानपत्राचा कागद अंथरलेला होता, तोही जुना पिवळा पडलेला नव्हे, अप्पा आजारी पडायच्या जरा आधीचा. पत्रा कोरडा आणि गुळगुळीत होता. बिजागरीला बोट लावलं तर बोटाला तेल लागलं. सिद्धूनं दुसरं उघडलं, तिसरं उघडलं, खाली वाकून ओट्याखालची दोन्ही उघडली. पाचही कपाटं तशीच होती. रिकामी, पुसलेली, कालच आणल्यासारखी.

"आई, यात गंज कुठाय?" सिद्धूनं विचारलं.

आई उंबऱ्याजवळ पाट घेऊन मेथी निवडत बसली होती. तिनं मान वर केली नाही. एक जुडी संपली होती, तिनं दुसरीची गाठ सोडली.

अप्पांना जाऊन तेव्हा दीडेक महिना झाला होता. आईला बार्शीत एकटं ठेवायचं नाही, सिद्धूनं पुण्याला न्यायचं, असं आम्हा दोघा भावंडांचं ठरलं होतं. घर एका बँकेतल्या जोडप्याला भाड्यानं द्यायचं होतं. त्यांना स्वयंपाकघरात नव्या ट्रॉल्या बसवायच्या होत्या, म्हणून भिंतीवरची ही जुनी पत्र्याची कपाटं आधी उतरवायला हवी होती. मी त्यासाठी सोलापूरहून चार दिवस रजा काढून आले होते.

ही कपाटं म्हणजे एकेकाळी आमच्या गल्लीतलं कौतुक होतं. अप्पा सूतगिरणीत स्टोअरकीपर होते. गिरणीच्या स्टोअरमध्ये होती तशीच कपाटं घरात हवीत म्हणून त्यांनी स्टेशनकडच्या एका कारागिराकडून ती करवून घेतली. जाड पत्रा, हिरवट राखाडी रंग, प्रत्येक दाराला आतलं कुलूप. मी तेव्हा फार लहान होते, पण बायका बघायला आल्या होत्या आणि अप्पा एकेक दार उघडून दाखवत होते, एवढं आठवतं. तेव्हा बाकीच्यांच्या घरी लाकडी फळ्या असायच्या.

आणि त्यापुढचं जे आठवतं ते असं की आईनं त्या कपाटांत कधी काही ठेवलंच नाही. आमचं सगळं सामान जमिनीवर असायचं. भिंतीला लागून पत्र्याचे डबे, तांदळाची कोठी, डाळींच्या बरण्या, नंतर नंतर प्लॅस्टिकच्या बादल्या. स्वयंपाक करताना आई वाकायची, उठायची, पुन्हा वाकायची. गुडघे दुखायला लागल्यावरही वाकायची. मी किती वेळा म्हटलं असेल की वर कपाटं आहेत, त्यात ठेव. ती एकच उत्तर द्यायची, गंज लागतो. आम्ही ते खरं मानलं होतं. आपल्या आईनं दिलेलं कारण उघडून बघावं असं कोणाला वाटतं?

अप्पा मात्र रविवारी ती कपाटं पुसायचे. निवृत्त झाल्यावर तर कधीही पुसायचे. ओलं फडकं, मग कोरडं फडकं, मग शिवणयंत्राच्या तेलाची बाटली घेऊन बिजागऱ्या. मला वाटायचं, म्हाताऱ्या माणसाला हाताला काहीतरी काम हवं असतं. पण ती आतून रिकामी असतील हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. जुनी भांडी, बाटल्या, काहीतरी असेल असं वाटायचं.

सिद्धूला ती कपाटं एकदम आवडली. असा पत्रा आता मिळत नाही म्हणाला. घासून, नवीन रंग मारून पुण्याच्या घराच्या गच्चीत लावता येतील, अवजारं ठेवता येतील. त्यानं फोनवर कुठल्याशा बाईंनी अशाच जुन्या कपाटांना पिवळा रंग देऊन काय काय केलंय त्याचे फोटो शोधून मला दाखवले. मग तोच म्हणाला, की एवढं पुण्याला न्यायचं तर टेम्पो करावा लागेल, त्यापेक्षा इथंच कोणाला तरी दिलेली बरी. मी म्हटलं, मंगलवहिनींना विचारू. शेजारच्या ढग्यांच्या मंगलवहिनी. त्यांच्या प्रियंकाचं नुकतंच लग्न झालं होतं, ती लातूरला नवीन बिऱ्हाड मांडत होती.

आईला विचारलं तर ती म्हणाली, "तुम्ही बघा."

मधल्या कपाटाच्या दाराला कुलपाच्या जवळ पोचे पडलेले होते, चांगले खोल. सिद्धूनं त्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, हे ठोकून सरळ करता येईल. ते कपाट बसवताना हातातून सुटलं होतं, असं आम्हाला घरात सांगितलं होतं.

संध्याकाळी मंगलवहिनी प्रियंकाला घेऊन आल्या. प्रियंका आम्ही लहानपणापासून पाहिलेली, बोलघेवडी मुलगी. तिनं दारं उघडून बघितली, आत डोकावली, मापं घेतली. तिला फारच आवडली. मंगलवहिनींनी आईजवळ बसून अप्पांच्या आठवणी काढल्या. म्हणाल्या, माझ्या सासूबाई अजून म्हणतात, की गंगाधरभाऊंसारखा टापटिपीचा माणूस गल्लीत दुसरा झाला नाही. त्यांच्या सासूबाई म्हणजे सोनाकाकू, नव्वदीच्या पुढं गेलेल्या, आता मागच्या खोलीत पडूनच असायच्या.

मी चहा टाकला होता. प्रियंका मधल्या कपाटाचं कुलूप फिरवून बघत होती. किल्ली कुलपातच होती, पाचही कपाटांच्या किल्ल्या वर्षानुवर्षं कुलपांतच लटकत असायच्या. तिनं किल्ली फिरवली, कुलूप खट्कन लागलं, पुन्हा फिरवली, उघडलं. ती हसून म्हणाली की हे आमच्या ह्यांना फार आवडेल. त्यांना सगळं जिथल्या तिथं लागतं. घरातलं सामान काढून द्यायचं कामसुद्धा त्यांनीच घेतलंय, म्हणतात, तुझ्या हाताला माप नाही.

मंगलवहिनीही हसल्या. जावई फार शिस्तीचे आहेत म्हणाल्या.

आई उठून उभी राहिली. तिला उठायला नेहमी भिंतीचा आधार लागायचा, तेव्हा तिनं घेतला नाही.

"प्रियंका, किल्ली काढ ती," ती म्हणाली. "ही कपाटं द्यायची नाहीत."

प्रियंकानं माझ्याकडं बघितलं. सिद्धू काहीतरी बोलायला गेला, आईनं त्याला बोलू दिलं नाही.

"कोणालाच द्यायची नाहीत. उद्या तोडून टाकायची."

मंगलवहिनी चहा न घेताच गेल्या. जाताना एवढंच म्हणाल्या, की तुम्हीच बोलावलं होतंत म्हणून आलो. त्यांना वाईट वाटलं हे उघड होतं आणि मला आईचा रागही आला होता. शेजार इतक्या वर्षांचा. सिद्धूनं तर बरंच ऐकवलं. धड वस्तू तोडायची कशासाठी, तुला नको असेल तर दुसऱ्याच्या घरी तरी कामाला येऊ दे, अप्पांनी जीव लावून सांभाळलेली वस्तू आहे, असं तो बोलत राहिला. आई जमिनीवर बसून राहिली. अप्पांनी जीव लावून, हे त्यानं दुसऱ्यांदा म्हटल्यावर ती म्हणाली, "बस खाली. दोघंही बसा."

मग तिनं सांगितलं. मी ते तिच्याच शब्दांत सगळं सांगू शकणार नाही, कारण ती मधेच थांबत होती, मागचं पुढं सांगत होती.

कपाटं घरात आली तेव्हापासून त्यांच्या किल्ल्या अप्पांच्या कमरेला होत्या. रोज सकाळी कामावर जायच्या आधी ते कपाटं उघडायचे आणि दिवसाचं सामान काढून द्यायचे. एवढं तेल, एवढी डाळ, एवढा गूळ. गिरणीच्या स्टोअरमधून माल द्यावा तसं. ते चिडायचे नाहीत, उपाशी ठेवायचे नाहीत, पण काढून देणार तेच. संध्याकाळी कोणी पाहुणा आला तर अप्पा घरी येईपर्यंत आईला त्याच्याशी गप्पा मारत बसावं लागायचं. आणि शेजाऱ्यांकडं काही मागायचं नाही, हे त्यांचं पहिल्या दिवसापासूनचं सांगणं होतं. माझ्या घरात कमी आहे असं लोकांना वाटता कामा नये.

मला यातलं काही आठवत नव्हतं. मी सात वर्षांची होते, सिद्धू तर रांगत होता.

आमच्या घरी तेव्हा काशीआत्या असायची, अप्पांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर ती आमच्याकडंच राहायला आली होती. मला तिचा चेहरा नीट आठवत नाही, मांडी आठवते. ती मला मांडीवर घेऊन वेणी घालायची आणि हळूच विचारायची, गूळ आहे का गं कुठं? तिला गोडाची फार आवड होती आणि तिला मधुमेह होता. अप्पांचा तिच्यावर फार जीव. तिनं चोरून काही खाऊ नये म्हणून साखर आणि गूळ मधल्या कपाटात असायचे आणि त्या कपाटाला अप्पा दोनदा ओढून बघायचे. लोक म्हणायचे, भाऊ असावा तर असा.

"डॉक्टरनं मला सांगितलं होतं," आई म्हणाली. "मीच तिला घेऊन गेले होते ना. म्हणाला, गोळी घेतलीय आणि खाणं झालं नाही तर साखर खाली जाते. घाम फुटतो, हात कापतात. तेव्हा चिमूटभर साखर तोंडात टाकायची, थांबायचं नाही. मी यांना सांगितलं. म्हटलं, थोडी साखर बाहेर ठेवा. तर म्हणाले, चिमूटभर म्हणत म्हणत ती वाटीभर खाईल."

श्रावणातला सोमवार होता. काशीआत्यानं उपास धरला होता आणि गोळी सवयीनं घेतली होती. अप्पांनी सकाळी चहापुरती साखर काढून दिली, ती चहात गेली. संध्याकाळसाठी भगर काढून दिली आणि ते गिरणीत गेले. दुपारी, मी शाळेत असताना, काशीआत्या भिंतीला टेकून बसली होती ती बोलेनाशी झाली. आई जवळ गेली तर तिचं लुगडं घामानं भिजलेलं, हात थरथरत होते. तिनं आईकडं बघून काहीतरी म्हटलं, शब्द लागले नाहीत.

आई ओट्याशी गेली. दार ओढलं. खिळा घालून बघितला, विळीचं पातं फटीत घालून बघितलं. मग तिनं खलातला बत्ता घेतला आणि कुलपावर मारायला लागली.

"पत्रा आत गेला," आई म्हणाली, "पण कुलूप नाही उघडलं. चांगलं केलं होतं कारागिरानं."

सिद्धू ओट्याकडं बघत होता. मला तिकडं बघवेना.

मग ती सिद्धूला झोळीत टाकून शेजारी धावली, साखर आणायला. परत आली तेव्हा काशीआत्या पालथी पडली होती. झटका येऊन गेला असावा, तोंडातून फेस आला होता. आईनं तिला उताणं केलं, साखर तोंडात घातली, ती ओठांवरच राहिली. डॉक्टर आले तोवर काही उरलं नव्हतं.

संध्याकाळी अप्पा आले. दारात माणसं जमलेली होती. आत आल्यावर त्यांनी आधी बहिणीकडं पाहिलं, मग ओट्याकडं. दाराला पोचे पडले होते, बत्ता खालीच पडलेला होता. त्यांनी तो उचलून खलात ठेवला. कोणीतरी विचारलं, काय झालं हो एकाएकी? अप्पा म्हणाले, साखर.

"तेच लोकांनी धरलं," आई म्हणाली. "आजही कोणाला विचारा, काशीबाई साखरेनं गेली. साखर मिळाली नाही म्हणून गेली ती."

सिद्धूनं विचारलं, अप्पा तुला काही बोलले नाहीत? एकदाही?

"दिवसकार्य झालं, त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी किल्ल्या कमरेच्या काढल्या आणि एकेक करून कुलपांत अडकवल्या. पुन्हा कधी कुलूप लावलं नाही. मी सगळं सामान खाली काढलं. त्यांनी कपाटं उघडी ठेवली, मी रिकामी ठेवली. एवढंच बोलणं झालं आमचं त्यावर."

चहा तसाच पातेल्यात गार होत होता. सिद्धू उठून बाहेरच्या पायरीवर जाऊन बसला. आता कपाटं कुठं द्यायची, हा प्रश्न त्यानं पुन्हा काढला नाही. मला एक विचारायचं होतं आणि मी ते विचारलंही. शेजारी म्हणजे ढग्यांकडंच ना? मधे एक भिंत. तिथं जाऊन यायला इतका वेळ कसा लागला?

आईनं निवडलेली मेथी उचलली आणि ती धुवायला मोरीकडं गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही कपाटं उतरवली. दोघा माणसांना ती पेलता पेलत नव्हती. हातगाड्यावर चढवून भंगारवाल्या मुलाणींच्या गोडाऊनला नेली. आईनं घरी थांबावं म्हणून आम्ही पुष्कळ सांगितलं, पण ती रिक्षातून मागोमाग आली आणि तिथं एका उलट्या ड्रमवर बसली. मुलाणींनी कपाटं बघून तेच सांगितलं जे सगळे सांगत होते. मावशी, अशीच राहू द्या, चांगली आहेत, हॉटेलवाले घेतात, महिन्याभरात जातील.

"तोडा," आई म्हणाली. "माझ्यासमोर तोडा."

मुलाणी अनुभवी माणूस होते. त्यांनी पुढं काही विचारलं नाही. त्यांच्या माणसानं गॅसकटर लावला. रंग जळण्याचा वास सुटला, हिरव्याचा काळा झाला, एकेक दार बिजागरीपासून सुटून खाली पडायला लागलं. मधलं कपाट शेवटी आलं. मला वाटलं होतं, आईला रडू येईल, निदान ती मान वळवेल. ती डोळे बारीक करून ठिणग्यांकडं बघत होती. तिचं बोलणं कटरच्या आवाजात मला पहिल्यांदा ऐकूच आलं नाही. मी वाकले.

"मी खोटं बोलले," ती म्हणत होती.

सोनाकाकूंच्या दारात जाऊन आई उभी राहिली तेव्हा तिनं सांगितलंच नाही, की काशी पडलीय, आमच्याकडं साखरेला कुलूप आहे. ती म्हणाली, पाहुणे आलेत, वाटीभर साखर द्या. नवऱ्याचं नाव जाईल म्हणून म्हणाली. शिवाय तिची स्वतःचीही लाज होतीच, आपल्याच घरात आपल्याला साखर मिळत नाही याची. सोनाकाकू म्हणाल्या, ये की, बस. कोण पाहुणे आलेत? आईनं सांगितलं, माहेरचे. काकूंनी विचारलं, माहेरचे कोण? आईनं मामाचं नाव सांगितलं. काकूंनी मामाची चौकशी केली, त्याच्या मुलींची केली, मग डबा शोधला, वाटी शोधली. आणि आई उत्तरं देत बसली होती.

"पाटावर बसले होते मी," आई म्हणाली. "ती तिकडं तडफडत होती आणि मी पाटावर बसून मामाच्या मुलींची नावं सांगत होते. एक शब्द खरा बोलले असते तर ती बाई धावत आली असती. यांनी कुलूप लावलं, ते खरंच आहे. पण माझं तोंड कोणी बंद केलं होतं?"

मी तिला म्हटलं की तू घाबरलेली होतीस, तुझं वय काय होतं. आपण म्हणतो ते सगळं मी म्हटलं. तिनं ते ऐकलं की नाही मला माहीत नाही. मुलाणींचा माणूस पत्र्याचे तुकडे फावड्यानं एका बाजूला ढकलत होता. आई उठली आणि म्हणाली, घरी जाऊ.

घरी आल्यावर ती आत गेलीच नाही, ढग्यांच्या दाराकडं वळली. सिद्धू गाड्यावाल्याबरोबर मागं राहिला होता, मी तिच्याबरोबर गेले. मंगलवहिनींनी दार उघडलं. त्यांचा चेहरा कालच्यासारखाच होता. आई म्हणाली, "मंगल, कालचं मनात ठेवू नकोस. मला तुझ्या सासूबाईंशी बोलायचंय. तूही ऐक."

मागच्या खोलीत सोनाकाकू कुशीवर झोपल्या होत्या. अगदी लहान झाल्या होत्या, चादरीखाली कोणी आहे की नाही कळू नये इतक्या. ऐकू कमी येत होतं पण डोकं ठीक होतं. आईला बघून त्यांनी ओळखलं, नावानं हाक मारली, विमल. आई पलंगाच्या कडेला बसली आणि कानाशी तोंड नेऊन तिनं सगळं सांगितलं. पाहुणे नव्हते, घरात साखर होती पण कुलपात होती, काशीबाई पडली होती, मी खोटं बोलले. मंगलवहिनी दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या.

सोनाकाकूंनी मान वळवून आईकडं बघितलं. मग म्हणाल्या, "पाहुणे नव्हते ते माहीत होतं मला."

आईला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. तिनं पुन्हा विचारलं.

"तुमच्या दारात चप्पल नव्हती कोणाची," काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज कापत होता पण शब्द स्पष्ट होते. "कुलपाचं तर अख्ख्या गल्लीला माहीत होतं. तूच कधी बोलत नव्हतीस. कायम मान वर करून जायचीस. म्हटलं, आज दारात आलीय, आज हिच्या तोंडून वदवून घेऊ. म्हणून बसवलं तुला."

"काकू."

"काशी पडलीय हे नव्हतं गं माहीत. देवाशपथ नव्हतं माहीत. मला वाटलं, चहाला हवी असेल."

मंगलवहिनी पुढं आल्या आणि सासूला म्हणाल्या, काय बोलताय तुम्ही. सोनाकाकूंनी त्यांच्याकडं लक्ष दिलं नाही. त्यांनी चादरीतून हात बाहेर काढला, आईचा हात त्यांना सापडेना, त्या पलंगावर चाचपत राहिल्या.

आई तिथंच बसली होती. तिनं हात पुढं केला नाही आणि मागंही घेतला नाही. मी उभी राहून बघत होते आणि मला काय व्हावं असं वाटत होतं ते मला आजही सांगता येणार नाही. खोलीला औषधांचा आणि ओल्या कपड्यांचा वास होता. शेवटी काकूंच्या बोटांना आईचं मनगट लागलं आणि त्यांनी ते धरून ठेवलं. आईनं ते सोडवून घेतलं नाही. काकूंना झोप लागल्यावर आईनं त्यांची बोटं एकेक करून उचलली, हात चादरीत घातला आणि ती उठली. बाहेर आल्यावर पायरीवर तिला भिंत धरावी लागली.

घरी येऊन तिनं भाकरी टाकल्या. आम्ही तिघं जेवलो. सिद्धूला मी नंतर सांगितलं.

दोन दिवसांनी आई पुण्याला गेली. प्रियंकाला निघताना तिनं बाजूला घेऊन काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही. पोरगी मान खाली घालून ऐकत होती एवढं दिसलं. पुढं ती लातूरला कशी राहिली, मला माहीत नाही. मंगलवहिनींचं आमच्याकडं येणं-जाणं हळूहळू कमी झालं.

आई पुण्यात पाच वर्षं होती. त्यातल्या दुसऱ्या वर्षी सोनाकाकू गेल्याचा फोन आला. मी तेव्हा सिद्धूकडंच होते. त्यानं फोन ठेवून आईला सांगितलं. ती टीव्हीसमोर बसली होती, तिनं आवाज कमी केला.

"शेवटी जवळ कोण होतं?" तिनं विचारलं.

सिद्धू म्हणाला, मंगलवहिनी होत्या. रात्रभर बसून होत्या म्हणे, हात धरून.

आईनं मान हलवली. आम्हाला वाटलं, आता ती टीव्हीचा आवाज वाढवेल.

"काशीला कोणी नव्हतं," ती म्हणाली आणि उठून आत गेली.